मुहूर्तमेढीवर रुग्णवाहिका

रुग्णवाहिका अंगणात शिरली तेव्हा तिला वाट दाखवण्याचे काम अनुसयाबाईंनी स्वतःकडे घेतले होते.

"ये माघं. अजून ये. अजून. आतमधी बाळंतीण हाये, तिले चालाले लावू नोको."

"अम्मा, गेट पे उतार देता हूँ ना," मुन्ना ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला.

"गेट माही नात चालून येईन का? तू ये माघं."

नात म्हणजे नातसून, रुची. ग्रामीण रुग्णालयात तिला मुलगा झाला होता आणि आई-बाळाला घरी पोहोचवून देण्याची सोय सरकारने फुकट केली होती. अनुसयाबाईंना पणतू थेट ओसरीला लागून उतरवायचा होता. मुन्ना गोंदियाचा होता. म्हाताऱ्या बाईशी वाद घालण्यापेक्षा गाडी मागे घेणे सोपे, असे त्याला वाटले. ती त्याची चूक झाली. मागचे चाक अंगणाच्या बरोबर मधोमध असलेल्या दगडी फरशीवर चढले, फरशी फुटली आणि चाक खाली गेले. मुन्नाने जोर लावला. गाडीच्या पोटात काहीतरी मोठ्याने मोडले.

"एक्सल गया," मुन्ना म्हणाला. स्वतःच्या मालकीची नसलेली वस्तू मोडल्यावर माणूस जितका शांत असतो, तितका तो शांत होता.

रुची सुखरूप उतरली. बाळ तर जागेही झाले नाही. अनुसयाबाईंच्या मुलाने, दुलीचंद पटल्यांनी, वाकून गाडीखाली पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. चाक मुहूर्तमेढीच्या खड्ड्यात बसले होते.

पटल्यांच्या घरचे प्रत्येक लग्न या एकाच खड्ड्यावर लागले होते. लग्न आले की फरशी उचलायची, खड्ड्यात मेढ उभी करायची, तिच्याभोवती मांडव घालायचा आणि कार्य उरकले की फरशी पुन्हा बसवायची. अनुसयाबाई सून म्हणून आल्या तेव्हा त्यांनी याच मेढीला हळद लावली होती. आता दुलीचंदच्या मुलीचे, रेणूचे लग्न तोंडावर आले होते. बिरशीच्या ईश्वरदास बिसेनांच्या मुलाशी ते ठरले होते आणि मेढ रोवायची जागा रुग्णवाहिकेने अडवली होती.

"दुसरीकडे खड्डा खंदू," दुलीचंदचा मुलगा, रुचीचा नवरा भुपेंद्र म्हणाला.

अनुसयाबाईंनी नातवाकडे नुसते पाहिले. भुपेंद्र बाळाकडे बघायला आत निघून गेला.

शेजारच्या लखनने ट्रॅक्टर आणला, साखळी बांधली. तेव्हा मुन्ना धावत मध्ये आला.

"हात मत लगाओ, भाऊ. सरकारी माल है. पंचनामा झाल्याशिवाय हलली तर माझी नौकरी गेली."

"मंग तू काढ," लखन म्हणाला.

"मी कायले काढू? मी कंपनीचा माणूस. मला चालवायचा ठेका आहे, काढायचा नाही."

असे म्हणून त्याने किल्ली खिशात घातली, डबा काखेत मारला आणि तो रस्त्यावर जीपची वाट बघत उभा राहिला.

दुलीचंद आधी गावातल्या आरोग्य उपकेंद्रावर गेले. ते त्यांच्या अंगणापासून उताराच्या खाली, रस्त्यापलीकडेच होते. अलीकडे त्याला नवे नाव मिळाले होते आणि भिंतींना नवा रंगही. कुलूप मात्र जुनेच होते. तिथल्या फुलवंता सिस्टर संध्याकाळी बसस्टँडवर भेटल्या. त्या तालुक्याहून परत आल्या होत्या.

"भाऊ, मी तरी का करू?" त्या म्हणाल्या. "आज जिल्हा परिषदेची मिटिंग होती. उद्या राज्याच्या साहेबांची हाये. परवा दिल्लीच्या योजनेची. पेशंटची मिटिंग कोनी ठेवतच नाई, मंग मी पेशंटले कशी भेटू? तुमी मोठ्या डॉक्टरले भेटा."

मोठे डॉक्टर म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉ. मेश्राम. वयाने लहान होते, पण आसपास त्यांच्यापेक्षा मोठा कोणी डॉक्टर नसल्याने मोठे. त्यांनी दुलीचंदना खुर्ची दिली, पाणी दिले आणि मग बरीच मान खाजवली.

"काका, नीट ऐका. गाडीचे पैसे दिल्लीचे. खरेदी मुंबईची. गाडी राहते आमच्या केंद्रात, आणि आमचं केंद्र जिल्हा परिषदेचं. म्हणून डिझेल परिषद टाकते. ड्रायव्हर कंपनीचा. दुरुस्तीचं गॅरेज राज्याचं, ते नागपूरला."

"मंग नागपूरले फोन लावा."

"लावला असता. पण तुमची सून होती ग्रामीण रुग्णालयात. ते परिषदेचं नाही, ते राज्याचं. त्यांची गाडी बंद होती म्हणून त्यांनी आमची मागून नेली. आता प्रश्न असा, की एक्सल तुटला त्या घडीला गाडी कोणाकडे होती. परिषदेकडे की राज्याकडे?"

"माह्या अंगनात होती," दुलीचंद म्हणाले.

"हो ना," डॉक्टर खाली मान घालून म्हणाले. "वरती तेच म्हणून राहिलेत. गाडी तुमच्या ताब्यात आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं."

दुलीचंदनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, तुमी कोनाचे?"

"मी राज्याचा. बसतो परिषदेच्या खुर्चीत," डॉ. मेश्राम म्हणाले. "सवय होते, काका."

यानंतर पाहणीला सुरुवात झाली. परिषदेचा माणूस आला. त्याने गाडीचे फोटो काढले, पोहे खाल्ले आणि ही बाब राज्याची आहे असे सांगून गेला. राज्याचा माणूस आला, त्याने परिषदेचा माणूस कुठे उभा राहिला होता ते विचारून तिथूनच फोटो काढले, पोह्यांत लिंबू मागितले आणि ही बाब परिषदेची आहे असे सांगितले. दिल्लीच्या योजनेचा जिल्ह्यातला एक तरुण आला. तो स्वतः कंत्राटी असल्याने फार नम्र होता. त्याने गाडीच्या दारावर योजनेचे एक स्टिकर लावले आणि चहाचा कप स्वतः धुऊन ठेवला. जाता जाता प्रत्येकाने दुलीचंदना एकच गोष्ट बजावली: शासकीय वाहन आपल्या ताब्यात आहे, त्याला धक्का लागता कामा नये. त्यामुळे दुलीचंदनी धानावर टाकायची ताडपत्री गाडीवर टाकली. रात्री कोणी टायर काढून नेऊ नये म्हणून भुपेंद्रची खाट गाडीशेजारी आली. अनुसयाबाई रोज सकाळी सडा घालायच्या तो आता गाडीच्या भोवतीने घालू लागल्या. ज्या चाकाखाली मेढीचा खड्डा होता, त्या चाकाला हळद-कुंकू लावायचे की नाही यावर घरात एकमत होईना.

बातमी बिरशीला पोहोचली आणि ईश्वरदास बिसेन स्वतः बघायला आले. ते गाडीभोवती एक फेरी मारून ओसरीवर बसले. बिरशीला विमानतळ आहे आणि ईश्वरदासांचे शेत त्याच्या कुंपणाला लागून. त्यामुळे ते विमानांबद्दल घरच्यासारखे बोलत.

"पटलेभाऊ, आमच्या गावात पोट्टे इमान शिकून राहिले. रोज चढवतात, रोज उतरवतात. अन् तुमच्यानं एक गाडी वरती निंगत नाई?"

"आमच्या हातात नाई ना, बिसेनभाऊ."

"ते मले नाई समजत. वरात येईन, दारात ॲम्बुलन्स दिसन, लोकं पुसतील का कोन मेलं. मी का सांगू? सांगू का एक्सल मेला?" त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "मांडवाच्या दिवशी अंगन मोकळं झालं तर ठीक. नाईतर लग्न बिरशीले लावू. जागा हाये आमच्याकडे भरपूर."

त्यांनी हे रागाने म्हटले नव्हते. पण दाराआड उभ्या असलेल्या रेणूचे डोळे भरले, कारण त्याचा अर्थ तिला कळत होता. आजीला गाडी सोसत नसे. बस असो, जीप असो, दार लावल्याबरोबर तिच्या पोटात ढवळायला लागे आणि गावाची वेस ओलांडेपर्यंत ती अर्धमेली होई. धाकट्या मुलीकडे जायला निघून ती दोनदा पहिल्या पुलावरून परत आली होती. लग्न बिरशीला लागले तर आजी इथे गावात राहणार आणि अक्षता तिकडे पडणार.

"मी जाईन वो माय, चालत जाईन," अनुसयाबाई रेणूला म्हणाल्या. दोघींनाही ते खरे वाटले नाही.

दरम्यान अंगणात आणखी एक भानगड सुरू झाली. प्रत्येक पाहणीला फुलवंता सिस्टरनी हजर राहायचे असा वरून निरोप होता. पाहणी रोज असे. म्हणजे सिस्टर रोज अंगणात सापडू लागल्या. ही गोष्ट सगळ्यात आधी गावातल्या कवडूच्या लक्षात आली. तो बरेच दिवस खोकत होता.

"बाई, तुमी हाये म्हणून आलो," तो सिस्टरना म्हणाला. "तिकडे कुलूप दिसते. इथं तुमी दिसता."

सिस्टरनी त्याला तपासले आणि थुंकी तपासायला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले. दुसऱ्या दिवशी तीन बाया लेकरांचे डोस विचारायला आल्या. मग सिस्टरनी आपली पेटीच अंगणात आणून ठेवली. डॉ. मेश्रामही, पाहणीला यावेच लागते तर स्टेथोस्कोप सोबत असावा म्हणून, तो गळ्यात घालून येऊ लागले. रुग्णवाहिकेतला बाक पेशंट झोपवायला बरा पडला. मोहफुले वेचून परतणाऱ्या बाया टोपल्या कुंपणाशी ठेवून रांगेत बसू लागल्या. दुलीचंदची बायको पोहे करून दमली होती, तिने आता साहेबांना आणि पेशंटना सरसकट चहा सुरू केला. गावातल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा सरकारी डॉक्टर, सिस्टर आणि रुग्णवाहिका एका जागी आणि एका वेळी मिळाली होती. त्यासाठी एक्सल तुटावा लागला, याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. अनुसयाबाई ओसरीवरून नंबर लावत.

"ए, तू माघं सरक. तुले नुसती खाज हाये. त्या पोरीले ताप हाये."

जिल्ह्याला हे कळले तेव्हा आधी तिथे संताप झाला. खासगी अंगणात ओपीडी चालवायची परवानगी कोणी दिली, असे परिषदेने डॉक्टरांना विचारले. परिषदेने विचारले म्हणून राज्यानेही विचारले. डॉ. मेश्राम उत्तर शोधत असतानाच निरोप आला की केंद्र सरकारचे पथक जिल्ह्यात येते आहे आणि त्याला गावपातळीवरचा एखादा नावीन्यपूर्ण उपक्रम बघायचा आहे.

जिल्ह्यात असा उपक्रम एकच होता.

त्या दिवसापासून, जी गाडी कोणाचीच नव्हती ती सगळ्यांची झाली. परिषदेने गाडीच्या डाव्या अंगाला आपला फ्लेक्स लावला. राज्याने उजव्या अंगाला त्याहून हातभर मोठा लावला. योजनेच्या नम्र तरुणाने दोघांची परवानगी घेऊन बोनेटवर एक छोटा लावला. गाडी मुद्दाम तिथे आणून ठेवली आहे, ग्रामस्थांच्या सोयीसाठी, असे तिन्ही फ्लेक्सांचे म्हणणे होते. चाक खड्ड्यात का आहे, यावर परिषदेच्या माणसाने तोडगा काढला. चाकाभोवती कुंड्या ठेवल्या.

"साहेब, आता तरी गाडी काढा," दुलीचंद हात जोडून म्हणाले. "पथक येऊन राहिलं त्याच दिवशी आमचा मांडव हाये."

"काढायची?" परिषदेचे साहेब चकित झाले. "पटले, अख्खा उपक्रम हिच्यावर उभा आहे. पुढचा आदेश येईस्तोवर गाडी हलणार नाही."

"आदेश कोन देईन?"

साहेबांनी थोडा विचार केला. "ते पथक गेल्यावर ठरेल."

दुलीचंद त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांनी बिरशीला फोन लावायला घेतला आणि दोनदा ठेवून दिला. सालईची मेढ तोडून आणलेली होती. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिची पाने सुकायला लागली होती.

मांडवाच्या दिवशी सकाळी पथक आले. अंगणात एकाच वेळी पाहुणे, पेशंट आणि अधिकारी जमले. कोण कोण आहे ते ओळखणे कठीण होते, कारण टोप्या आणि हार सगळ्यांनाच घातले जात होते. परिषदेच्या साहेबांची चुकून रेणूच्या मामाला मिठी पडली. ईश्वरदास बिसेन मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. मुन्नाला नवा गणवेश देऊन स्टेअरिंगवर बसवले होते. गाडी चालू स्थितीत आहे असे दिसावे, एवढेच त्याचे काम होते.

पथकाचे प्रमुख वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी कवडूला प्रश्न विचारले, सिस्टरची पेटी पाहिली आणि ते खरोखर खूश झाले असावेत. मग परिषदेचे साहेब आणि राज्याचे साहेब दोन्ही कानांना लागले. उपक्रम मुळात कोणाचा, हे दोघांनाही प्रमुखांच्या तोंडून वदवून घ्यायचे होते. प्रमुखांनी असे प्रसंग बरेच पाहिले असावेत. त्यांनी माईक हातात घेतला.

"देखिए, यह गाड़ी न दिल्ली की है, न मुंबई की, न ज़िले की," ते म्हणाले. "यह गाड़ी जनता की है. यह आपकी अपनी गाड़ी है."

टाळ्या वाजल्या. दोन्ही साहेबांनी वाजवल्या, कारण न वाजवणे बरे दिसले नसते.

अनुसयाबाई ओसरीवरून उतरल्या. त्या सावकाश गाडीपर्यंत आल्या आणि प्रमुखांसमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, तेच पुन्हा एक बार बोला. मले जरा कमी आयकू येते."

प्रमुख हसले. वाकून, माईकवरच, त्यांनी हळूहळू सांगितले, "माताजी, यह गाड़ी आपकी है. आप सबकी."

"कोनी नाई म्हनणार नाई?"

"कोई नहीं."

अनुसयाबाई वळल्या. त्यांनी आधी एका साहेबाकडे पाहिले, मग दुसऱ्याकडे. प्रमुखांच्या वाक्याला माईकवर नाही म्हणायचा अधिकार दोघांनाही नव्हता.

"आयकलं का गा, लखन?" त्या म्हणाल्या. "गाडी आपली हाये. उचला."

लखन याच वाक्याची वाट बघत बसल्यासारखा उठला. मांडवाचे बांबू आणि जाड लाकडी बल्ल्या अंगणातच पडल्या होत्या. चार जणांनी त्या चाकाखाली सारल्या. भुपेंद्रने कुंड्या बाजूला केल्या. पेशंटांच्या रांगेतले निम्मे लोक उठून हात लावायला आले, ज्यांना ताप होता तेही. ईश्वरदास थोडा वेळ बसून राहिले. मग त्यांनी टोपी काढून शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि एका बल्लीला खांदा दिला.

"उतरवता येते तं चढवताही येते," ते पुटपुटले.

गाडीचे बूड एकदम वर आले. चाक खड्ड्याबाहेर पडले. लोकांनी पुढून ढकलायचे की मागून, हे ठरवले नव्हते. ज्यांनी मागून ढकलले त्यांचा जोर जास्त होता. गाडी तिन्ही फ्लेक्ससकट फाटकातून बाहेर पडली आणि उताराला लागली. मुन्ना आत होता. ब्रेक मारणे ठेक्यात बसते की नाही याचा त्याने विचार केला असावा, कारण तो मारायला त्याला जरा उशीर झाला. गाडी रस्ता ओलांडून उपकेंद्राच्या दाराला जाऊन टेकली आणि थांबली. कोणाला काही लागले नाही. दार मात्र पूर्ण झाकले गेले.

मग प्रमुखांनी टाळ्या वाजवल्या.

"वाह. इसको कहते हैं लोकसहभाग," ते म्हणाले. "गाड़ी को खुद स्वास्थ्य केंद्र तक पहुँचा दिया." सोबतच्या माणसाने लगेच फोटो काढला.

त्याच जागेवर मेढ उभी राहिली. पहिली हळद अनुसयाबाईंनी लावली. रेणूचे लग्न अंगणात लागले, आजी पहिल्या रांगेत होती आणि तिच्या पोटात अजिबात ढवळले नाही. ईश्वरदासांनी जेवताना शेजारच्याला दोनदा सांगितले की गाडी खरे म्हणजे त्यांच्याच बाजूने उचलली गेली.

लग्नानंतर फुलवंता सिस्टर उपकेंद्राकडे गेल्या आणि लगेच परत आल्या.

"आजी, दार उघडत नाई. गाडी हाये अडवी."

"आजपर्यंत कसं उघडत होतं?" अनुसयाबाईंनी विचारले.

सिस्टर थोड्या लाजल्या, मग हसल्या. "तेही खरं हाये. आता कुलूप काऊन म्हनून कोनी पुसलं तर सांगाले कारन तरी झालं." त्यांनी पेटी मांडवात ठेवली आणि मेढीला पाठ टेकून बसल्या. कवडू आधीच नंबर लावून बसला होता. त्याचा खोकला बराच कमी झाला होता, पण चहाची सवय लागली होती.

दुलीचंद मांडव सोडायला लागले की कोणी ना कोणी म्हणे, राहू द्या भाऊ, पेशंटले सावली होते. त्यामुळे तो राहिला. उन्हाळा संपत आला तेव्हा जिल्ह्याहून एक नवे साहेब पाहणीला आले. त्यांनी दाराला टेकलेली गाडी पाहिली. ती कोणाची, हे विचारायचे त्यांनी टाळले. मग ते अंगणात आले आणि आल्याआल्या त्यांची नजर वर गेली.

"हा मांडव कोणाचा?" त्यांनी दुलीचंदना विचारले. "शासकीय ओपीडीवर खासगी छत कसं? काढायचं कोणी?"

दुलीचंदनी आधी साहेबांना खुर्ची दिली, पाणी दिले. मग मान खाजवली.

"साहेब, नीट आयका," ते म्हणाले. "मेढ माही. बल्ल्या लखनच्या. कापड पंचायतीचं, ते मागून आनलं. बांधला तो मुलीच्या लग्नासाठी, अन् मुलगी आता बिरशीची झाली. आता प्रश्न असा, का सध्या तो कोनाच्या ताब्यात हाये." त्यांनी मांडवात बसलेल्या रांगेकडे पाहिले. "तुमी असं करा. बिरशीले पत्र द्या."